मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय का? आधी कुठल्या बाजूचं ते बघा, मग पाना हातात घ्या

गाडी आयडलला थरथरतेय किंवा बॉनेटखालून टकटक येतेय म्हटलं की लोक थेट प्लग आणि इंजेक्टरवर जातात, आणि बरेचदा दुखणं असतं मॅनिफोल्डच्या गॅस्केटचं, म्हणजेच पॅकिंगचं. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनला जोडलेला नळ्यांचा जुडगा. ते दोन असतात, इनटेकचा हवा आत नेतो आणि एक्झॉस्टचा जळलेला धूर बाहेर काढतो. दोन्ही हेडला (इंजिनचा वरचा भाग) बोल्टने कसलेले असतात आणि मधे पॅकिंग असतं. लक्षणं मात्र अगदी वेगवेगळी.

इनटेकचं गेलं तर इंजिन फटीतून चोरून हवा ओढतं. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल तर ही हवा त्याच्या हिशोबातच येत नाही, मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी (पेट्रोलला हिशोब वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल असा असतो), गाडी मिसिंग मारते, आयडल खालीवर होतं आणि स्कॅनर लावला की पी0171 (मिक्स्चर लीन) कोड येतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर असतो, तिथं ईसीयूला (इंजिनचा कॉम्प्युटर) प्रेशर वाढलेलं दिसतं म्हणून तो पेट्रोलही वाढवतो आणि आरपीएम नुसताच चढून बसतो, कोड येईलच असं नाही. त्यामुळे कोड नाही म्हणजे लीक नाही असं समजू नका.

एक्झॉस्टचं गेलं तर सकाळी थंड स्टार्टला टक टक टक, रेस दिली की जोरात, आणि गाडी तापली की आवाज कमी, कारण लोखंड तापून फुगतं आणि फट मिटते. म्हणून दुपारी गॅरेजला नेली की मेकॅनिक म्हणतो आवाज कुठाय? गाडी रात्रभर तिथंच ठेवा आणि सकाळी पहिला स्टार्ट त्याला मारायला सांगा. हीट शील्ड काढून टॉर्च मारली तर जॉइंटपासून बाहेर पसरलेली काळी काजळी दिसते, ती दिसली की विषय संपला. हा लीक चालवून घेऊ नका, कार्बन मोनॉक्साईड एसीच्या हवेतून केबिनमधे येऊ शकतो आणि त्याला वास नसतो.

इनटेकचा लीक शोधायला बरेच जण चालू इंजिनवर कार्ब क्लीनर मारतात, आरपीएम बदलला तिथं लीक. चालतं, पण ते पेटतं, शेजारी तापलेला एक्झॉस्ट असेल तर आगीला आमंत्रण. साध्या स्प्रे बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारला तरी बरेचदा कळतं, फक्त कॉइल आणि कनेक्टरवर मारू नका. नाहीच सापडला तर स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या.

आता खोलायचं. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. फ्युएल रेल (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) काढावी लागणार असेल तर बॅटरी काढायच्या आधीच पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, प्रेशर उतरतं. इनटेकमधून कुलंट जात असेल तर तो आधी ड्रेन करा नाहीतर सगळा पोर्टमधे (हेडमधली हवेची भोकं). होज काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, आणि प्रत्येकाला टेपची चिठ्ठी.

एक्झॉस्टचे नट म्हणजे खरी डोकेदुखी. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सहा कोनी गोटी वापरा (बारा कोनीने नटाची टोकं झिजतात) आणि अडला की जोर लावू नका, थोडा सैल थोडा घट्ट असं पुढेमागे हलवत काढा. स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) हेडमधे तुटला तर पाच मिनिटांचं काम लेथवाल्यापर्यंत जातं. सोडताना बाहेरच्या टोकाकडून मधे या.

पोर्टमधे स्वच्छ फडकी कोंबा आणि जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या स्क्रॅपरने काढा. ग्राइंडरची खरखरीत डिस्क लावायचा मोह होतो, पण हेड ॲल्युमिनियमचं असतं, खड्डा पडतो आणि डिस्कची भुकटी आत गेली तर बेअरिंग खाते. मग मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्या) बाक तपासा. बाक मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर असेल तर लेथवाल्याकडून फेसिंग करून (तोंड सपाट करून) घ्या, नाहीतर नवं पॅकिंगही लवकरच उडेल.

पॅकिंग पुण्यात असाल तर नाना पेठेत मिळून जाईल, पण गाडीचा चेसिस नंबर सोबत न्या. एक्झॉस्टला स्टीलच्या थरांचं किंवा ग्राफाइटचं येतं, प्लास्टिक इनटेकला बहुतेक रबरी रिंग. एक्झॉस्टला ट्यूबमधलं सिलिकॉन फासू नका, जळून जातं, आणि ऑक्सिजन सेन्सरलाही ते मानवत नाही. रबरी रिंगलाही काही लावायची गरज नसते.

कसताना उलट, मधून बाहेर, आधी सगळे हाताने मग दोन-तीन टप्प्यात टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच कसणारा पाना). किती कसायचं तो आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलचाच घ्या, कारण प्लास्टिक मॅनिफोल्ड जास्त कसला की तडकतो आणि हेडमधले आटे गेले की अजून मोठा खर्च.

कुलंट भरा, त्यातली एअर काढा, स्टार्ट करा. पहिली काही मिनिटं एक्झॉस्टवरून थोडा धूर येईल, हाताचं तेल आणि स्प्रे जळतो तो, घाबरू नका. गाडी पूर्ण गार झाली की कुलंटची लेव्हल बघा, आणि मॅन्युअलमधे परत कसायला सांगितलं असेल तरच नटांना पुन्हा रेंच लावा.