लेऑफनंतरची दुसरी नोकरी: बूटकॅम्पवाल्यांनो, या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे पुन्हा फ्रेशर होणं. पहिली नोकरी लेऑफमध्ये (कंपनीच्या कपातीत) १४ महिन्यांत गेली की अनेकजण जुनाच रेझ्युमे बाहेर काढतात: वर बूटकॅम्पचं (काही महिन्यांच्या कोडिंग कोर्सचं) सर्टिफिकेट, मग टू-डू ॲप, ई-कॉमर्स साइटची नक्कल (क्लोन) आणि शेवटी कंपनीतलं काम दोन ओळींत. हा क्रम उलटा करा. ते १४ महिने हीच तुमची कमाई आहे. बूटकॅम्पला शिक्षणाखाली एक ओळ पुरे, क्लोन काढूनच टाका.

'स्प्रिंग बूटमध्ये एपीआय बनवले' (म्हणजे जावाच्या फ्रेमवर्कमध्ये इतर प्रोग्रॅमना डेटा देणारी सोय) यातून काहीच कळत नाही. अडचण काय होती आणि तुम्ही काय बदललंत ते लिहा. उदाहरणार्थ: '१०० ऑर्डरची यादी दाखवायला १०१ क्वेरी जात होत्या, जॉइन फेच वापरून एकाच क्वेरीत काम आणलं.' (क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न: एक यादीसाठी, मग प्रत्येक ऑर्डरच्या तपशिलासाठी एक. जॉइन फेच म्हणजे जोडलेला डेटाही त्याच क्वेरीत आणणं.) हे लिहिलंत की मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला: यावर पेजिनेशन (यादी पानापानांत दाखवणं) लावलं तर? कलेक्शनवर (एका ऑर्डरमधल्या अनेक वस्तूंसारख्या यादीवर) जॉइन फेच असताना पेजिनेशन लावलं, तर हायबरनेट (जावा आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) सगळ्या ओळी मेमरीत ओढतं आणि पानं तिथे पाडतं. डेटा वाढला की सर्व्हर गुदमरतो. म्हणून आधी त्या पानापुरते आयडी आणायचे, मग फक्त त्यांच्यासाठी जॉइन फेच करायचं. रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीबद्दल इतकं खोलवर बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर ती ओळ खोडा.

कंपनीचा कोड मात्र गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) टाकू नका, तो करारभंग ठरू शकतो. तीच अडचण स्वतःच्या छोट्या रेपोत (गिटहबवरच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये) नव्याने उभी करा आणि बदलाआधीचा व नंतरचा एसक्यूएल लॉग (गेलेल्या क्वेरींची नोंद) रीडमीत (रेपोच्या माहितीच्या फाइलमध्ये) द्या.

मुलाखतीसाठी फोनच येत नाहीत? मग मुलाखतीची तयारी वाढवून उपयोग नाही, दोष आधीच्या टप्प्यात आहे. रेझ्युमेच्या पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. दोन कॉलमच्या टेम्पलेटमध्ये तारखा एकीकडे नि कंपनीचं नाव भलतीकडे गेलेलं दिसू शकतं. भरतीचं सॉफ्टवेअरही तसंच वाचण्याची शक्यता असते. एकाच कॉलममध्ये मांडा. नौकरी डॉट कॉमवरचा नोटिस पिरियडही तपासा. तिथे अजून तीन महिने दिसत असतील, तर लगेच रुजू होणारा माणूस शोधणाऱ्या रिक्रूटरच्या यादीत तुम्ही येतच नाही.

दोन नोकऱ्यांमधला गॅप झाकायला तारखा ताणू नका, आणि पैसे घेऊन अनुभवपत्र देणाऱ्या कन्सल्टन्सीच्या दारात तर अजिबात जाऊ नका. पीएफ कापला जात असेल तर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) सर्व्हिस हिस्टरीत असते, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तीही पाहिली जाते. ऑफर हातात आल्यावर ती रद्द होणं हे गॅपपेक्षा कितीतरी वाईट. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर दोन महिन्यांनंतर पीएफच्या यूएएन पोर्टलवर (यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक) ती स्वतः नोंदवता येते. रिलीव्हिंग लेटर आणि पगाराच्या स्लिपा ऑफिसचा मेल बंद होण्याआधी स्वतःकडे घ्या.

लेऑफचं कारण विचारलं तर दोन वाक्यं पुरेत: टीम बंद झाली, अमुक तारखेला बाहेर पडलो. लगेच कामाकडे वळा.

रुजू झाल्यावर त्याच आर्थिक वर्षातला जुन्या कंपनीतला पगार आणि कापलेला टीडीएस नव्या कंपनीला कळवा. नाहीतर दोन्हीकडे स्टँडर्ड डिडक्शन (पगारावर मिळणारी ठरावीक वजावट) धरलं जातं आणि रिटर्न भरताना उरलेला कर व्याजासकट भरावा लागू शकतो.