"ऑपरेटरचा निष्काळजीपणा" लिहून फाइल बंद करताय? प्लांट सेफ्टीतल्या या चुका टाळा

गोव्यातलं वेर्णा घ्या, कुंडई घ्या, कुंकळ्ळी घ्या, कुठल्याही औद्योगिक इस्टेटीत अपघाताचा रिपोर्ट उघडला की शेवटच्या रकान्यात ठरलेलं वाक्य असतं, "ऑपरेटरचा निष्काळजीपणा. संबंधितास समज देण्यात आली." मेंटेनन्स आणि सेफ्टीत एवढी वर्षं काढल्यावर आता हे वाक्य वाचलं की मला राग येतो. याने फाइल बंद होते, पुढचा अपघात टळत नाही. आणि नवीन सेफ्टी डिप्लोमा करून आलेली पोरंसुद्धा पहिल्याच महिन्यात हेच लिहायला शिकतात, कारण ते लिहिलं की वरून कोणी प्रश्न विचारत नाही.

"माणूस चुकला" इथेच थांबणं

फोंडा तालुक्यातला एक कारखाना, नाव सांगत नाही. पावडर मिसळायचा रिबन ब्लेंडर होता. झाकण उघडलं की मशीन बंद पडायला हवं म्हणून झाकणाला सेन्सर बसवलेला. एका हेल्परने झाकण उघडलं, कडेला चिकटलेली पावडर खरवडायला हात घातला आणि आत रिबन फिरतच होती. धुळीमुळे दिसलं नाही, शेजारच्या मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. हातमोजा ढिला होता म्हणून मोजा आत गेला आणि हात वाचला. रिपोर्ट तासाभरात तयार, "चालू मशीनमध्ये हात घातला."

मी चौकशीला गेलो तेव्हा आधी तो सेन्सर बघितला. त्याच्यावर एक बारका लोहचुंबक केबल टायने आवळलेला, म्हणजे झाकण उघडं असलं तरी सेन्सरला ते बंदच वाटणार. केबल टाय कापून चुंबक उचलला तर खाली स्वच्छ गोल डाग आणि आजूबाजूला पावडरचा जाड थर. किती महिने तिथे होता देव जाणे, पण तिन्ही शिफ्टच्या लोकांनी तो रोज बघितला होता एवढं नक्की.

मग विचारत गेलो. पावसाळ्यात सेन्सरच्या बॉक्समध्ये ओल शिरायची, ओल अडवणारं गास्केट गेलेलं, त्यामुळे झाकण बंद असतानाही मशीन उगाच ट्रिप होऊन बंद पडायचं. बॅच अर्धवट थांबली की प्रॉडक्शनवाले ओरडायचे. मेंटेनन्सने नवीन सेन्सर मागवला होता, तो कागद खरेदी विभागात पडून होता. मग कोणीतरी चुंबक शोधला, मशीन सुरळीत चाललं, टार्गेट पूर्ण झालं आणि सुपरवायझरचं कौतुकही झालं. तो हेल्पर दुसऱ्या लाइनवरून नवीनच आलेला, तिथला इंटरलॉक, म्हणजे झाकणाचा असाच सेन्सर, नीट चालायचा, त्यामुळे झाकण उघडलं की मशीन थांबतं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. आता सांगा, समज कोणाला द्यायची?

जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने हे 1990 साली नीट मांडून ठेवलंय, की चूक करणारा हात सगळ्यात शेवटी येतो, त्याआधीच्या चुका डिझाइनमध्ये, खरेदीत, मॅनेजमेंटच्या निर्णयात दबा धरून बसलेल्या असतात. भोपाळ आठवा. 1984 च्या डिसेंबरात गॅस सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन आधीच बंद करून ठेवलेलं होतं आणि सुटलेला गॅस जाळणाऱ्या फ्लेअरची लाइन दुरुस्तीसाठी काढलेली होती, तरी कंपनी पुढे कितीतरी वर्षं एका कामगारानेच टाकीत मुद्दाम पाणी घातलं असं सांगत राहिली.

माझी सवय सांगतो. त्या चुंबकासारखा बायपास, म्हणजे सुरक्षेच्या उपकरणाला दिलेली बगल, सापडला की "कोणी केला" हे मी सगळ्यात शेवटी विचारतो. आधी विचारतो, हा बायपास कुठला त्रास बरा करतोय? तो त्रास काढला नाही तर चुंबक जप्त करा नाहीतर माणूस काढा, आठवड्यात नवीन चुंबक येतो. दुसरं, त्या जागी तेवढ्याच अनुभवाचा दुसरा माणूस असता तर त्याने काय केलं असतं हे चार जणांना एकेकट्याला विचारतो. चौघंही "तेच केलं असतं" म्हणाले तर प्रश्न त्या माणसाचा नाही. आणि बायपास खरंच लागणार असेल तर रजिस्टरमध्ये कोणी, का, किती वाजेपर्यंत हे लिहून प्लांट मॅनेजरची सही, शिफ्ट संपली की परवानगी संपली. हे कटकटीचं आहे हे मला मान्य आहे, तसंच असायला हवं.

बसच्या दारात हँडओव्हर

ही माझी दुसरी डोकेदुखी. आपल्याकडे मडगाव, वास्को, फोंड्याहून कंपनीची बस पुढच्या शिफ्टला घेऊन येते आणि त्याच बसने आधीची शिफ्ट घरी जाते. म्हणजे दोन शिफ्टची भेट होते ती बसच्या दारात, एक उतरतोय एक चढतोय, "सगळं ओके मरे?" "ओके ओके, पंप दोनचं थोडं बघ." थोडं काय बघ? सील गळतंय, का मोटर गरम होतेय, का पाइप उघडा आहे? बस सुटलेली असते, फोन लावला तर हा झोपलेला.

हे क्षुल्लक वाटत असेल तर पायपर अल्फा वाचा. 6 जुलै 1988, स्कॉटलंडजवळ उत्तर समुद्रातला तेल-वायूचा प्लॅटफॉर्म. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि उघड्या पाइपावर नुसती ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तात्पुरतं झाकण, लावलेली. काम संपलं नाही, परमिट, म्हणजे कामाचा परवानगीचा कागद, ठेवून माणूस गेला, रात्रपाळीला तोंडी काही सांगितलं गेलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी व्हॉल्व्ह काढलेला हाच पंप सुरू केला, त्या फ्लँजमधून गळती होऊन स्फोट झाला. 167 माणसं गेली. रात्रपाळीवाल्यांनी हातात असलेल्या माहितीवर बरोबरच निर्णय घेतला होता, ती माहितीच अर्धी होती. मशीन नवीन, कॅमेरे नवीन असले तरी असल्या अर्ध्या माहितीवर कुठलंच उपकरण काम करत नाही.

मी जिथे काम केलं तिथे एकच हट्ट धरला, बस पंधरा मिनिटं उशिरा सोडायची. अॅडमिनवाल्यांनी ओव्हरटाइमचा हिशेब काढला, ड्रायव्हर कुरकुरला, पण झालं. त्या पंधरा मिनिटांत दोघांनी एकत्र प्लांटमध्ये चालत जायचं, कंट्रोल रूमच्या खुर्चीत बसून नाही. लॉगबुकात जे नेहमीसारखं नाही ते लाल पेनाने. आणि नवीन आलेल्याने ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. "हो हो कळलं" चालणार नाही. पोरांना सुरुवातीला हे शाळेसारखं वाटतं, वाटू दे.

बझरवर चिकटपट्टी

कंट्रोल पॅनलच्या बझरवर चिकटपट्टी किंवा कापूस दिसला तर ऑपरेटरवर ओरडू नका, अलार्म मोजा. एका ऑपरेटरला साधारण दहा मिनिटांत एक अलार्म झेपतो असं या क्षेत्रातलं मार्गदर्शन सांगतं. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत 1994 मध्ये स्फोटाआधीच्या शेवटच्या जवळपास अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांवर 275 अलार्म येऊन आदळले होते. त्यातला महत्त्वाचा कुठला हे कोणाला कळणार? ज्या अलार्मवर काहीच करायचं नसतं तो अलार्म नसतो, त्याला यादीतून काढा.

आणि दिव्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. 1979 मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघाताच्या वेळी पॅनलवरचा दिवा विझला म्हणून व्हॉल्व्ह बंद झाला असं समजले. दिवा फक्त बंद होण्याचा सिग्नल गेला एवढंच सांगत होता, व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला होता. शक्य असेल तिथे जाऊन डोळ्यांनी बघा.

धावत टाकीत उतरणं

यावर मी जास्त बोलत नाही कारण बोलताना त्रास होतो. एसटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची टाकी, फिशमीलचा, म्हणजे मासळीच्या भुकटीच्या कारखान्यातला खड्डा, बार्जची बंद टाकी. एक आत पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. गंजणारं लोखंड बंद जागेतला ऑक्सिजन खातं, त्यामुळे बार्जच्या रिकाम्या कोरड्या टाकीतही माणूस मरतो, तिथे कसला वासही नसतो. आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त असेल तर आधी नाकच काम करायचं थांबतं. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली असेल तर उतरायचं नाही, मीटर लावूनच, आणि वरून, मधून, तळातून तीन ठिकाणी. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा 1948 चं कलम 36 याच गोष्टीसाठी होतं. धावत जाणं हा माणसाचा स्वभाव आहे, तो पोस्टर लावून बदलत नाही, म्हणून ट्रायपॉड, विंच आणि दोरी काम सुरू व्हायच्या आधी मॅनहोलवर उभी करा. उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस, वरच्याच्या हातात विंच, म्हणजे वाचवायला कोणाला आत जावंच लागणार नाही. ट्रायपॉड नसेल तर मी परमिटवर सही करत नाही, कितीही मोठ्या साहेबाचा फोन येऊ दे.

बाकीच्या, थोडक्यात

सूचना इंग्रजीत आणि काम करणारे ओडिशा, झारखंडचे. चित्र काढा, हिंदीत बोला, आणि करून दाखवायला सांगा.

लॉकआउटच्या, म्हणजे दुरुस्ती चालू असताना मशीन कोणी सुरू करू नये म्हणून लावायच्या, सगळ्या कुलपांच्या चाव्या सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये. ज्याचा हात आत, त्याच्याच खिशात चावी.

हेल्मेट वाटलं म्हणजे सेफ्टी झाली असं समजणं. पीपीई, म्हणजे हेल्मेट-हातमोज्यांसारखी अंगावरची साधनं, सगळ्यात शेवटी येतं, आधी धोका काढा, नाहीतर झाका.

मॉक ड्रिल नेहमी सकाळी अकराला, चहा झाल्यावर. एकदा रात्री तीनला घ्या, निम्म्या लोकांना असेंब्ली पॉइंट, म्हणजे बाहेर जमायची जागा, माहीत नसतो.

बोर्डावर "निअर मिस शून्य", म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात एकही नाही. शून्य म्हणजे लोक सांगायला घाबरतात. ज्याने पहिली तक्रार आणली त्याला 4 मार्चच्या सेफ्टी डेची वाट न बघता त्याच दिवशी सगळ्यांसमोर शाबासकी द्या, आणि त्याने सांगितलेली गोष्ट त्याच आठवड्यात दुरुस्त करा, नाहीतर दुसरा माणूस येणार नाही.

"कांय जावचें ना", म्हणजे काही होत नाही, म्हणणारा अनुभवी माणूस. त्याच्याशी वाद घालत बसू नका, त्यालाच नवीन पोराला लॉकआउट शिकवायचं काम द्या. शिकवताना माणूस स्वतः पायरी गाळत नाही, हे मी बऱ्याच काकांच्या बाबतीत बघितलंय.