मोंतान्या दे ओरोची कड्यावरची वाट: ओहोटी पाहून निघावे

कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो काउंटीत, लॉस ओसोस गावाच्या पुढे मोंतान्या दे ओरो हे राज्य उद्यान आहे. या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘सोन्याचा डोंगर’. वसंतात पिवळ्या-केशरी रानफुलांनी टेकड्या भरून जातात, त्यावरून ते पडले. येथील ‘ब्लफ ट्रेल’ ही समुद्रकड्यावरून जाणारी, जवळजवळ सपाट वाट जाऊन-येऊन सुमारे ६ किलोमीटर आहे.

दिवस ठरवण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. कोकणात वाढलेल्या माणसाला तिथीवरून अंदाज बांधण्याची सवय असते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत दूर हटते हे येथेही खरे आहे. परंतु या किनाऱ्यावर दिवसातील दोन ओहोट्यांची पातळी बरीच वेगवेगळी असते, त्यामुळे नुसत्या तिथीवर भिस्त ठेवता येत नाही. खोल ओहोटी हिवाळ्यात बहुधा दुपारी येते, तर उन्हाळ्यात पहाटे, आणि उन्हाळ्यात सकाळी अनेकदा दाट धुके असते. म्हणून हिवाळ्यातील निरभ्र दुपार मला सर्वोत्तम वाटते.

ओहोटीच्या वेळेआधी तासभर स्पूनर्स कोव्हजवळून निघावे, म्हणजे कोरालिना कोव्हच्या खडकांतील डबकी उघडी सापडतात. त्यांत समुद्रफुले, तारामासे आणि शंखांत राहणारे खेकडे दिसतात. रिकामा वाटणारा शंखही उचलून नेऊ नये. तो पुढच्या खेकड्याचे घर असतो. शेवाळावर पाय सरकतो, तेव्हा पक्क्या पकडीचे बूट घालावेत आणि समुद्राकडे पाठ करू नये, कारण शांत दिसणाऱ्या पाण्यातूनही अचानक मोठी लाट वर चढते.

कड्याच्या टोकाबाबत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. येथील खडक तिरप्या, ठिसूळ थरांचा असून खालून लाटांनी पोखरलेला असतो. वरून भक्कम दिसणारी कड माणसाच्या वजनाने ढासळू शकते. मुलांचा हात धरूनच चालावे. वाट सोडून झुडपांत शिरू नये, कारण तीन-तीन पानांच्या पॉयझन ओकच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठते. कुत्र्यांना या वाटेवर परवानगी नाही.

डिसेंबरपासून वसंतापर्यंत करडे देवमासे या किनाऱ्याजवळून ये-जा करतात. दुर्बीण सोबत ठेवावी, आणि कडेपासून दूर बसून क्षितिजाच्या अलीकडे पाण्याचा फवारा उडतो का, ते शांतपणे पाहावे.