पंचायतीत नव्याने रुजू होताय? आधी घरपट्टीची वही वाचा

गोव्यात पंचायतीत कारकून किंवा सचिव म्हणून रुजू झालं की पोर्टलचा पासवर्ड हातात पडतो आणि तेच शिकायचं काम वाटतं. पोर्टल थोड्याच दिवसांत हाताखाली येतं. कस लागतो तो त्यात भरायच्या माहितीचा.

डिचोली तालुक्यात काम करताना एकाच घराची तीन कागदपत्रं समोर आली. घरपट्टीच्या वहीत आजोबांचं ‘नाईक’ पोर्तुगीज वळणाच्या रोमन स्पेलिंगमध्ये, शेवटी क्यू-यू-ई. नातवाच्या आधारवर शेवटी नुसता के. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर तर आडनावच नाही. गावात कुणालाही विचारा, घर एकच. संगणकाच्या लेखी मात्र तीन वेगळी माणसं. अशा वेळी स्पेलिंग परस्पर ‘सुधारू’ नका. रीतसर अर्ज घ्या, कागदपत्रं तपासा, पंचायतीचा ठराव होऊ द्या. घरपट्टी हा मालकीचा पुरावा नसला तरी भावाभावांचे वाद याच नोंदीवरून पेटतात.

दुसरी अडचण सहीची. २०२० साली ई-ग्रामस्वराज हे पंचायतींच्या हिशेबाचं केंद्र सरकारचं पोर्टल आलं. वित्त आयोगाच्या निधीतली बिलं आता तिथूनच, सचिव आणि सरपंच यांच्या डिजिटल सहीने चुकती होतात. अविश्वास ठराव संमत होऊन सरपंच बदलला की नव्या सरपंचाची सही नोंदवून होईपर्यंत गटाराचं काम केलेल्या कंत्राटदाराचं बिल अडकतं. म्हणून नवीन सरपंचाने ताबा घेतला त्याच दिवशी सहीची कागदपत्रं मागा. डोंगलची, म्हणजे डिजिटल सही असलेल्या यूएसबीची, मुदत कधी संपते, तेही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि माणसं. म्हातारी आजी दाखल्यासाठी येते, पण ओटीपी जातो बोटीवर असलेल्या मुलाच्या मोबाईलवर. ‘ऑनलाइन करा’ म्हणून तिला परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. अर्ज कागदावर घ्या, पोच द्या, मोबाईल नंबर बदलायला कुठे जायचं ते नीट सांगा. आम्ही शेजारच्या मुलीला सोबत यायला सांगायचो, त्याने बरंच सोपं व्हायचं.

पावसात वीज आणि नेट जाणारच. त्या वेळात जुन्या वह्या काढा. सगळा गाव एकदम हाती घेऊ नका, एकच वाडा, म्हणजे गावातली एक वस्ती, निवडा. तिथल्या जुन्या पंचाला शेजारी बसवून घर क्रमांक आणि नावं ताडून पाहा, आणि शंका असलेल्या नोंदींची वेगळी यादी करून सचिवांची सही घेऊन ठेवा.