‘डिग्जटाउन’ पाहताना नजर कुठे ठेवावी

मायकेल रिची यांनी दिग्दर्शित केलेला १९९२ चा ‘डिग्जटाउन’ हा अमेरिकी चित्रपट केवळ मुष्टियुद्धाचा म्हणून पाहिला तर करमणूक होते, परंतु त्यातली ठकबाजी समजून घेत पाहिला तर त्याची बांधणी किती घट्ट आहे हे लक्षात येते. ब्रिटनमध्ये तो ‘मिडनाइट स्टिंग’ या नावाने प्रदर्शित झाला होता, त्यामुळे शोधताना दोन्ही नावे वापरावीत. शेवट आधी वाचू नये. या लेखातही तो सांगितलेला नाही.

पात्रांची ओळख आधी करून घेतलेली बरी. गेब्रिएल केन (जेम्स वुड्स) हा नुकताच तुरुंगातून सुटलेला ठकसेन, फिट्झ (ऑलिव्हर प्लॅट) हा त्याचा साथीदार, आणि ‘हनी’ रॉय पामर (लुईस गॉसेट ज्युनियर) हा अठ्ठेचाळीस वर्षांचा मुष्टियोद्धा. समोर आहे जॉन गिलन (ब्रूस डर्न), ज्याने जवळजवळ सगळे गाव आपल्या मालकीचे करून घेतले आहे. पामरने चोवीस तासांत गावातल्या दहा जणांना रिंगमध्ये हरवायचे, अशी पैज लागते.

सुरुवातीचे तुरुंगातले प्रसंग चुकवू नयेत. तिथे कैद्यांची एक लढत रंगलेली असते आणि सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागलेले असताना खरे काम दुसरीकडेच चाललेले असते. पुढचा चित्रपट कसा पाहायचा, याची सूचना दिग्दर्शकाने इथेच देऊन ठेवली आहे: ठोसे मोजत बसण्याऐवजी रिंगभोवती कोण उभे आहे, कोण कोणाला खुणावत आहे आणि कोण अचानक दिसेनासे झाले आहे, हे पाहावे.

सर्वांत जास्त लक्ष पैजेच्या शब्दांकडे द्यावे. फिट्झ आधी गावात शिरतो आणि गावाला ज्याचे नाव मिळाले त्या डिग्ज या मुष्टियोद्ध्याच्या पराक्रमावरून वाद उकरून काढतो. गावकऱ्यांचा अभिमान दुखावला की पैज लावण्याची घाई त्यांनाच होते, आणि सावजाला आपणच शिकारी आहोत असे वाटू लागते. गावातला माणूस म्हणजे नेमका कोण, हरणे म्हणजे काय, वेळ कधी सुरू होते आणि कधी संपते, हे प्रश्न स्वतःला विचारत राहावे, कारण दोन्ही बाजू याच फटींतून हात घालतात. गिलनही कच्च्या गुरूचा चेला नाही, आणि चित्रपटाला रंगत येते ती त्यामुळेच. केवळ भोळ्याभाबड्यांना गंडवणारा नायक तासाभरात नकोसा झाला असता.

दहाही लढती सारख्याच एकाग्रतेने पाहण्याची गरज नाही. काही पामर आपल्या मुठींच्या बळावर जिंकतो, काहींचा निकाल मात्र रिंगबाहेरच्या व्यवहारांनी ठरतो. प्रत्येक लढतीनंतर ही खरी झुंज होती की नुरा कुस्ती, याचा अंदाज बांधावा आणि तो मनाशी ठेवावा. त्याबरोबर पामरचा थकवा पाहावा. गॉसेट स्वतः तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते, आणि दोन लढतींमध्ये स्टुलावर बसलेल्या पामरचा श्वास जसजसा जड होत जातो, तसतसा विनोद मागे पडून नाट्य पुढे येते. माझ्या मते अभिनयाच्या दृष्टीने चित्रपटाचा सर्वांत सकस भाग हाच आहे.

तुरुंगातल्या वुल्फ या धिप्पाड कैद्याची भूमिका करणारे रँडल ‘टेक्स’ कॉब हे खरोखरचे हेवीवेट मुष्टियोद्धे होते. १९८२ मध्ये विश्वविजेत्या लॅरी होम्स यांच्याविरुद्ध पूर्ण पंधरा फेऱ्या मार खात ते उभे राहिले होते, हे ठाऊक असले की त्यांचा चेहरा वेगळ्याच नजरेने पाहिला जातो.

लहान मुलांना सोबत घेऊन मात्र हा चित्रपट पाहू नये. त्यातली शिवीगाळ आणि काही प्रसंगांतला क्रूरपणा हलक्याफुलक्या नावाशी जुळणारा नाही. दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा लढतींकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. त्या वेळी केन कोणाला, कधी आणि कशासाठी पैसे देतो एवढेच टिपत जावे, म्हणजे शेवटच्या डावाची तयारी किती आधीपासून चालली होती ते दिसून येईल.