मारुती ८००चं स्टिअरिंग ढिलं झालंय? रॅकच्या नटाला सगळ्यात शेवटी हात लावा

आमच्या घरी ८७ सालची मारुती ८०० आहे, बाबांनी नवी घेतलेली, आणि ती अजून रोज चालते. मागच्या पावसाळ्यानंतर तिचं स्टिअरिंग ढिलं वाटायला लागलं, म्हणजे व्हील तीन-चार बोटं फिरवलं तरी चाक जागचं हलायचं नाही आणि खड्ड्यातून गेलं की खालून खडखड, तीसुद्धा थेट हातात जाणवायची. एका गॅरेजमध्ये नेली, त्यांनी पाच मिनिटांत रॅकचा नट आवळून दिला, आवाज बंद, मी खूश. मग घाटात पहिल्याच वळणाला स्टिअरिंग वळलं ते तसंच राहिलं, आपोआप सरळ येईना, जोर लावून परत आणावं लागलं. बाबा शेजारी बसलेले, काही बोलले नाहीत, पण त्यांचा हात डॅशबोर्डवर घट्ट होता. तेव्हाच ठरवलं की हे काम नीट समजून घ्यायचं.

तो नट काय करतो ते आधी बघा. रॅक म्हणजे दाते असलेला आडवा दांडा, ड्रायव्हरच्या बाजूला त्यावर पिनियन, म्हणजे व्हीलबरोबर फिरणारं छोटं दातेरी चाक, बसतं, आणि दांड्याच्या मागून स्प्रिंग लावलेला एक प्लंजर त्याला पिनियनवर दाबून धरतो. नट आवळला की हा दाब वाढतो. पण गाडी जास्तीत जास्त वेळ सरळ चालते ना, त्यामुळे दाते झिजतात ते मधले, टोकाचे नव्यासारखेच राहतात. मधला ढिलेपणा जाईपर्यंत आवळलात तर वळणावर टोकाचे दाते जाम होणारच. आणि मुळात ढिलेपणा बऱ्याचदा तिथे नसतोच!

(प्रीमियर पद्मिनीवाल्यांनी यातलं काही करू नका, तिला रॅक नाही, स्टिअरिंग बॉक्स असतो.)

तर आधी दोष शोधा, माणसं दोन लागतात. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चाकं जमिनीवरच, इंजिन बंद, चावी फिरवून स्टिअरिंग लॉक काढलेलं. एकाने व्हील अगदी थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून मागच्या पत्र्याजवळ आणि मग खाली वाकून बघायचं, आणि नुसतं बघायचं नाही, प्रत्येक जोडावर हात ठेवायचा, डोळ्याला न दिसणारी टक् बोटांना कळते. वरून सुरुवात करा: कॉलमचा (व्हीलखालच्या दांड्याचा) जॉइंट, मग पिनियन, मग रॅकची बॉडी गाडीच्या पत्र्यावर सरकतेय का, मग रॅकच्या टोकावरचं रबरी आवरण (बूट) दाबून आतला रॅक एंड, म्हणजे रॅक आणि टाय रॉडचा जोड, शेवटी चाकाजवळचा टाय रॉड एंड (टाय रॉड म्हणजे चाक वळवणारी दांडी). नंतर पुढची बाजू जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, कितीही घाई असली तरी), चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा. वर-खाली धरून हललं तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट बघा, तो रॅकचा दोष नाही.

आमच्या गाडीत दोन गोष्टी निघाल्या. पहिली, रॅकच्या क्लॅम्पखालची रबरं. इंजिनातून गळलेल्या ऑइलने ती फुगून मऊ झाली होती, नखाने दाबली तर तुकडा हातात आला, त्यामुळे व्हील फिरवलं की आधी अख्खा रॅक सरकायचा आणि मग चाक वळायचं. दोन्ही बाजूंची बदला, एकच नको, आणि ऑइलची गळती आधी थांबवा नाहीतर वर्षभरात परत तेच. बोल्टला पाईप लावून जोर करू नका, पत्र्यातली चुडी (आटे) गेली तर मोठं काम होऊन बसतं.

दुसरी, रॅक बुश. पिनियनच्या विरुद्ध टोकाला दांड्याला आधार देणारं हे छोटं बुश, ८००मध्ये खडखडीचं नेहमीचं कारण. काही जण गाडीवरच बदलतात, मी रॅक उतरवला. उतरवण्याआधी जॉइंट आणि पिनियनवर पेंटने एक सलग रेघ मारा म्हणजे परत लावताना व्हील वाकडं बसत नाही, आणि टाय रॉड एंड सोडताना किती आटे फिरले ते मोजून लिहून ठेवा. रॅक एंड खोलताना दांडा नीट धरा, नाहीतर सगळा पीळ दात्यांवर जातो. जुनं ग्रीस पुसून नवीन लिथियम ग्रीस, लॉक वॉशर नवा, बूट फाटका असेल तर तोही नवा, कारण फाटक्या बुटातून पाणी आणि धूळ आत गेली की नवीन बुशही टिकत नाही. टाय रॉडच्या नटाला स्प्लिट पिन कायम नवी, आणि भोक जुळलं नाही तर नट सैल करायचा नाही, थोडा पुढे आवळून जुळवायचा.

एवढं करून तपासा. व्हीलच्या कडेवर ३० मिलिमीटरपर्यंतचा फ्री प्ले, म्हणजे चाक न हलता व्हीलची मोकळी हालचाल, चालतो. त्याहून जास्त असेल तरच त्या नटाकडे जा: पुढची चाकं हवेत, लॉक नट सैल, त्यातला स्प्रिंग दाबणारा स्क्रू अष्टमांश फेरा आवळा, मग व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठेही जड लागलं तर तेवढा मागे घ्या आणि स्क्रू धरून लॉक नट आवळा. टोकाला जड आणि मध्ये ढिलं असं एकाच वेळी होत असेल तर दाते गेलेत, रॅक असेंब्लीच बदला. जुना घ्यायचा असेल, समजा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, तर हाताने पूर्ण फिरवून मधला भाग तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग लगेच व्हील अलाइनमेंट. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर २० च्या स्पीडने वळवून व्हीलवरची पकड सैल करा, व्हील आपोआप सरळ यायला पाहिजे. आमचं आलं तेव्हा बाबांनी किल्ली मागितली आणि मला शेजारच्या सीटवर बसवलं.