पहिल्या हिटचं नाव उचलू नका: जनुकाचं काम ओळखताना या चुका टाळा

जिनोम सिक्वेन्स करणं, म्हणजे सजीवाचा सगळा डीएनए वाचून काढणं, आता स्वस्त झालंय. गाडी अडते ती पुढे, हाती आलेल्या जनुकांपैकी कोणतं काय करतं हे ठरवताना. २०१६ मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेतल्या गटानं शक्य तितक्या कमी जनुकांवर जगणारा ‘सिन-३.०’ हा जिवाणू तयार केला. त्यात जनुकं होती ४७३ आणि त्यातल्या १४९ जनुकांचं नेमकं काम तो बनवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून एखाद्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये झाडून सगळ्या जनुकांपुढे नाव लिहिलेलं दिसलं, की मला आधी शंका येते.

ब्लास्टचा पहिला हिट म्हणजे उत्तर नव्हे

सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. ब्लास्ट हे आपला सिक्वेन्स डेटाबेसमधल्या सिक्वेन्सशी जुळवून पाहणारं साधन, आणि जुळलेली प्रत्येक नोंद म्हणजे हिट. सिक्वेन्स टाकला, सगळ्यात वरचा हिट पाहिला, त्याचं नाव आपल्या प्रथिनाला चिकटवलं. पण त्या हिटला ते नाव कुणी दिलं? बहुतेकदा त्यालाही ते अशाच दुसऱ्या हिटवरून मिळालेलं असतं. प्रयोग कुठेतरी एकाच प्रथिनावर झालेला असतो, कधी तोही नसतो.

युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमध्ये हे तपासता येतं. स्विस-प्रॉट हा त्याचा माणसांनी वाचून तपासलेला भाग. ट्रेम्बल हा संगणकानं भरलेला, आणि तोच कितीतरी पटींनी मोठा. जीन ऑन्टॉलॉजी म्हणजे जनुकांची कामं ठरावीक शब्दांत नोंदवण्याची पद्धत; तिच्या प्रत्येक नोंदीपुढे पुराव्याचा कोड असतो. ‘आयडीए’ दिसलं तर त्या कामाची थेट चाचणी झाली आहे. ‘आयईए’ दिसलं तर नोंद यंत्रानं आपोआप केली आहे. वरचे दहा हिट ‘आयईए’वाले आणि अकरावा, जरा कमी जुळणारा, ‘आयडीए’वाला असेल, तर मी आधी अकरावा उघडेन.

ई-व्हॅल्यूला भलतंच विचारू नका

ई-व्हॅल्यू इतकंच सांगते: एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगानं किती वेळा सापडेल. ती शून्याला टेकली, तर दोन प्रथिनांचा पूर्वज एक असावा असं म्हणता येतं. काम एकच आहे, असं नाही. डेटाबेस दुप्पट झाला की त्याच जुळणीची ई-व्हॅल्यूही साधारण दुप्पट होते, त्यामुळे जुन्या आणि नव्या रनचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

लायसोझाइम आणि अल्फा-लॅक्टॅल्ब्युमिन ही जोडी पाहा. अमिनो आम्लं सुमारे ४० टक्के सारखी, घडीही (प्रथिनाचा त्रिमितीय आकार) जवळपास तीच. पण लायसोझाइम जिवाणूंची भिंत फोडतं, आणि अल्फा-लॅक्टॅल्ब्युमिन दुधातली लॅक्टोज साखर बनवायला मदत करतं. कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमचं काम मुख्यतः दोन जागांवर चालतं: ३५व्या स्थानचं ग्लुटामिक आम्ल आणि ५२व्या स्थानचं ॲस्पार्टिक आम्ल. मानवी अल्फा-लॅक्टॅल्ब्युमिनमध्ये त्या दोन्ही जागी दुसरीच अमिनो आम्लं आहेत. टक्केवारी पाहून हे कळत नाही. अलाइनमेंट (दोन्ही सिक्वेन्सची एकाखाली एक मांडणी) उघडून क्रियास्थळ, म्हणजे क्रिया घडवणाऱ्या या जागा, नजरेखालून घालावं लागतं. एंझाइम असेल तर ही पायरी कधीच गाळू नका.

जुळलंय कुठे, तेही बघा

आयएमपी डिहायड्रोजिनेज या एंझाइममध्ये क्रिया घडवणाऱ्या भागाशिवाय ‘सीबीएस’ नावाचे दोन छोटे डोमेन (प्रथिनातले स्वतंत्र घडीचे भाग) असतात. हे डोमेन इतर पुष्कळ प्रथिनांतही सापडतात. सुरुवातीच्या काळात आर्किआंच्या (जिवाणूंहून वेगळ्या गटातल्या एकपेशीय सूक्ष्मजीवांच्या) जिनोममध्ये ज्या प्रथिनांत नुसते सीबीएस डोमेन होते, त्यांच्यावरही आयएमपी डिहायड्रोजिनेजशी नातं सांगणारी लेबलं लागली. क्रिया घडवणारा भाग त्यांच्यात नव्हताच! गाडीची मागची सीट मिळाली म्हणून इंजिनाचं नाव सांगण्यासारखं हे झालं. उपाय सोपा आहे. टक्केवारीबरोबर कव्हरेज (सिक्वेन्सचा किती भाग जुळला) वाचा, तेही आपल्या प्रथिनाचं आणि हिटचं असं दोन्ही बाजूंचं, आणि इंटरप्रो या डोमेनच्या डेटाबेसमध्ये डोमेन कुठून कुठपर्यंत आहेत ते पाहा.

अल्फाफोल्डचं चित्र

अल्फाफोल्ड हा सिक्वेन्सवरून प्रथिनाच्या रचनेचा अंदाज देणारा प्रोग्राम. त्यातून सुंदर रचना मिळाली की काम समजलं असं वाटू लागतं. पण टिम बॅरल ही पिंपासारखी एकच घडी कितीतरी वेगवेगळ्या अभिक्रिया करणाऱ्या एंझाइममध्ये आहे. अल्फाफोल्ड देतो तो पीएलडीडीटीचा आकडा रचनेच्या खात्रीचा आहे, कामाच्या खात्रीचा नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: बदकाच्या डोळ्याच्या भिंगातलं एक क्रिस्टलिन (भिंगातलं प्रथिन) हे प्रत्यक्षात लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे एंझाइमच आहे. एका प्रथिनाला एकच काम असतं, असा नियम नाही.

निकाल विचित्र आला तर

एकेका जनुकाचे दोन-तीन तुकडे पडलेत? जनुकीय संकेताची, म्हणजे कोणती तीन अक्षरं कोणतं अमिनो आम्ल सांगतात याची, तक्ता-निवड तपासा. मायकोप्लाझ्मा या जिवाणूंमध्ये ‘यूजीए’ हा तीन अक्षरी संकेत थांबायला सांगत नाही, ट्रिप्टोफॅन जोडायला सांगतो; नेहमीचा तक्ता ११ ठेवला तर प्रथिनं मध्येच तुटतात, तिथे तक्ता ४ हवा.

प्राण्याच्या जिनोममध्ये जिवाणूंची जनुकं भरभरून दिसतायत? आधी नमुन्यातली भेसळ शोधा. २०१५ मध्ये टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याच्या सुमारे १७ टक्के जनुकांचं मूळ परकं असल्याचा दावा झाला होता. एडिनबराच्या गटानं त्याच प्राण्याचा जिनोम स्वतंत्रपणे वाचला, तेव्हा त्यातली बहुतेक सोबत आलेल्या जिवाणूंची निघाली. त्या काँटिगचं (वाचलेले तुकडे जोडून बनलेल्या सलग सिक्वेन्सचं) जीसी प्रमाण (डीएनएतल्या जी आणि सी अक्षरांचा वाटा) आणि रीड कव्हरेज (तो भाग किती वेळा वाचला गेला) बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे का, एवढं पाहिलं तरी बऱ्याच गोष्टी उघड होतात.

आणि काहीच जुळलं नाही, तर ‘हायपोथेटिकल प्रोटीन’ (गृहीत धरलेलं, काम माहीत नसलेलं प्रथिन) लिहा. डोमेन सापडला पण काम कळलं नाही, तर ‘अमुक डोमेन असलेलं प्रथिन’ लिहा. गाइडनी भुवया उंचावल्या तर त्यांना सिन-३.० मधली ती १४९ जनुकं दाखवा.